निळ्या कुंड्यांवरच्या रेघा

१९ मे, दुपार

प्रिय दादा,

वहिनीला नमस्कार, छोटीला पापा. आम्ही दोघी बऱ्या आहोत असं सुरुवातीला लिहायचं असतं म्हणून लिहिते. पुढचं वाचताना हे वाक्य विसरू नकोस, कारण आज तरी ते खरं आहे.

फोन सोडून पत्र कशाला, असं तुला वाटेल. तुला फोन करणार नाही अशी आईने माझ्याकडून शपथ घेतली आहे. पत्राचं काही बोलणं झालेलं नाही. अक्षराला हसू नकोस. नववीत शाळा सुटल्यापासून एवढं सलग पहिल्यांदाच लिहितेय.

तर तेरडा. फेब्रुवारीत मांडववाल्यांचं काम संपलं आणि मी आठ दिवसांसाठी म्हणून घरी आले. (त्या टोळीतल्या स्वयंपाक्याने मला दोरीच्या अकरा गाठी शिकवल्या, त्यातली एक ओढली की आपोआप सुटते. पण ते राहू दे.) आपल्या समोरच्या भिंतीपाशी दिवसभर ऊन असतं, तुला माहीत आहे, तिथे काही म्हणून जगत नाही. नर्सरीवाली मावशी म्हणाली की नेहमीचा तेरडा तिथे करपेल, पण एक नवा प्रकार आलाय, तो भर उन्हात फुलतो. त्याला बी मात्र धरत नाही. लहानपणी आपण बोंडाला नुसतं बोट लावायचो आणि ते फट्‌कन फुटून बिया उडायच्या, तसलं काही याच्यात नाही. नवं झाड हवं तर काडी कापून लावायची आणि मुळं फुटेपर्यंत राखत बसायचं. मी बारा रोपं आणली. आई म्हणाली, "तेरड्याचा रंग तीन दिवस. हा उन्हात टिकतो म्हणतात, तू तर सावलीतही टिकत नाहीस." मी हसले. ती पण हसली.

पहिले पंधरा दिवस रोज पाणी, मग माती बोटभर सुकली की मगच, असं मावशीने बजावलं होतं. आईने ते काम स्वतःकडे घेतलं. पाणी घातलं की ती कुंडीवर खडूने एक रेघ ओढायची. दवाखान्यात तीस वर्षं कंपाउंडर होती, औषधाच्या बाटलीवर डोसाच्या खुणांची पट्टी चिकटवायची, त्यातली ही सवय, असं मी धरून चालले. स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दाराला आतून तशाच रेघा होत्या. त्यांच्याकडे मी नीट बघितलंही नाही.

एप्रिलमध्ये फुलं अशी आली की रस्त्यावरची माणसं थांबायची. गुलाबी, केशरी, एक पांढरी. मला बाई वाटलं, आयुष्यात काहीतरी जमलं.

मग एका सकाळी मी खुरपं शोधायला माळ्यावर चढले आणि तिथे मला निळ्या रंगाचा अर्धा डबा सापडला. खुरपं राहिलं बाजूला. मी बाराच्या बारा कुंड्या घासून पुसून निळ्या केल्या. तरी रंग उरला, म्हणून कपाटाचं दार आतून बाहेरून रंगवलं. आई दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, "छान दिसतंय." तिने मला थांबवलं नाही, दादा. थांबवलं असतं तर का, ते सांगावं लागलं असतं.

नव्या रंगावर तिने पुन्हा रेघ ओढली नाही. आठवड्याभरात झाडांनी माना टाकल्या. ऊन सोसत नसेल म्हणून मी पण वरून एकेक तांब्या घालत राहिले. शेवटी एक कुंडी उचलून मावशीकडे नेली. तिने ती उलटी करून झाड हातात घेतलं. मुळं काळी, लिबलिबीत, वास मारत होती. ती म्हणाली, "हे उन्हाने नाही गेलं. याला बुडवलंय कोणीतरी." तहानलेलं झाड आणि बुडालेलं झाड वरून सारखंच दिसतं म्हणे.

घरी आले तर आई पाणी घालत होती. मी निघताना पण घालत होती. मी म्हटलं, हे काय, किती वेळा? ती म्हणाली, आज अजून दिलंच कुठे. कुंड्यांखालच्या बशा काठोकाठ भरलेल्या. मी तिची चेष्टा केली. खरंच केली. म्हटलं, मासे पाळायचेत का.

दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमाराला ती स्वयंपाकघरात खाली पडलेली सापडली.

हात गार, ओठ पांढरे. शेजारच्या रिक्षावाल्या काकांनी उचलून दवाखान्यात नेलं. डॉक्टरीण बाईंनी विचारलं, बीपीची गोळी सकाळी किती वेळा घेतली? मी म्हटलं, एकदाच, ती स्वतः कंपाउंडर होती. त्यांनी पाकीट आणायला सांगितलं. घरी येऊन कपाट उघडलं, आणि माझं रंगवलेलं ते गुळगुळीत निळं दार समोर आलं. पाकिटात आठवड्याच्या गोळ्या असायला हव्या होत्या. दोन उरल्या होत्या.

दोन वर्षांपूर्वी तू तिला तोंडावर म्हणालास की तुझ्या लक्षात राहत नाही आता, आमच्याकडे चल. तेव्हापासून ती तुझ्याशी बोलत नाही. आणि मी, कुठल्या तरी गावच्या एसटीडीवरून, तुला वाट्टेल ते बोलले. तू बरोबर होतास. तिलाही ते माहीत होतं. म्हणून तर खडू.

तीन दिवस ती दवाखान्यात होती. दुसऱ्या दिवशीचं लिहायचं टाळत मी तेरड्यावर दोन पानं घालवली. दुसऱ्या दिवशी ती झोपलेली असताना मी घरी आले, पिशवी भरली आणि बसमध्ये जाऊन बसले. कुठली बस ते पण बघितलं नाही. तिसऱ्या थांब्यावर कंडक्टरने तिकीट विचारलं, खिशात हात घातला तर हाताला ते गोळ्यांचं पाकीट लागलं. उतरले. चालत परत आले. आई जागी होती. कुठे होतीस, तिने विचारलं नाही.

आता घरी आहोत. नळाचा आवाज आला की मी हातातलं टाकून धावते. बराच वेळ कसलाच आवाज आला नाही तर आणखी जोरात. गोळ्या माझ्याकडे कुलपात आहेत. पण मला तिची भीती वाटते त्याहून माझी जास्त वाटते. ही गाठ कुठली, ते मला माहीत नाही.

घरी आल्यावर तिने आधी खडू मागितला. निळ्या दाराला हात लावून म्हणाली, "याच्याखाली माझं सगळं लिहिलेलं होतं गं." रागावली असती तर बरं झालं असतं.

बारातली दोन झाडं वाचली. त्यांच्या सहा काड्या कापून ओल्या वाळूत लावल्यात. मुळं धरायला तीन आठवडे. निळ्यावर खडू छान उठून दिसतो. कुंडीवर मी रेघ ओढते, ती बघते, मग ती ओढते, मी बघते.

कपाटाच्या दारावर सकाळच्या गोळीची एक ओळ आहे, संध्याकाळच्या गोळीची एक. काल तिथे तिसरी दिसली. विचारलं, ही कसली? आई म्हणाली, "तू आहेस त्या दिवसांची. उठल्यावर कधीकधी मला कळत नाही, तू आलीयेस की गेलीयेस." रोजची रेघ ती संध्याकाळी ओढते. सकाळी काय सांगावं, म्हणते.

दादा, ये. "मी सांगत होतो" एवढं म्हणू नकोस, ते तुझ्या वतीने मी इथे म्हटलंय. ती तुला पाणी विचारणार नाही, तोंड फिरवेल, तू बस. मी एकटी पुरेन असं मला वाटत नाही, आणि न पुरले तर काय करते, ते तुला आता माहीत आहे.

तिसऱ्या ओळीत पाच रेघा झाल्यात. आजची अजून ओढायची आहे.

तुझी,
संध्याकाळपर्यंत तरी नक्की इथे असलेली,
भिंगरी