राखणदाराचा खोकला

डॉक्टरबाई, तुमची काचपट्टी अजून माझ्याकडे आहे. ती माझ्या गालावर ठेवून तुम्ही अंगठ्याने दाबलीत, तेव्हा मी तिसरीत होते. त्या वर्षी पेडण्यातल्या दवाखान्याच्या भिंतीवर राजभाषेच्या घोषणा एकावर एक रंगवल्या होत्या. माझ्या गालावरचा डाग राखणदाराच्या बोटाचा, असं वाड्यावर म्हणत. गावाची सीमा राखणारा तो. त्याने हात लावलेल्या पोराला औषध देत नसत; शाळेने पाठवलं म्हणूनच आईने मला आणलेलं. तुम्ही काच दाबलीत, लाली विरली, आणि खाली पेरूच्या वडीसारखे तपकिरी ठिपके उरले. "पुस्तकात सफरचंदाची जेली लिवलीहा," तुम्ही नर्सला म्हणालात. "ती हंय कोणी बघितल्यान? पेराड म्हण." मग आईकडे वळलात. "ह्यो कातडीचो क्षय. घरात कोण खोकता?"

"कोणच नाय, बाई."

"राखणदार खोकता," मी म्हटलं. "लाकडांच्या खोपीत. आई त्याका रोज पाव ठेवता."

आईने माझं मनगट आवळलं. तुम्ही हसला नाहीत.

संध्याकाळी तुम्ही घरी आलात. खोप माझ्या अंथरुणामागच्या कुडाला लागूनच होती. "थंय जाव नकात, बाई. देवाची जागा ती," आई म्हणाली.

"देव थुंकता काय गो?" दाराशी पडलेली थुंकी बघून तुम्ही विचारलंत आणि दार लोटलंत.

आत काका बसलेला. तो डिचोलीच्या खाणीवर आहे, असं मला सांगितलेलं. गुडघ्यांवर पावाचा चुरा. आत्याचं लग्न ठरत होतं, आणि क्षयाच्या घरातली मुलगी कोणी केली नसती. त्याने तुमच्याकडे पाहिलंच नाही. माझ्या गालाकडे बघत राहिला.

लग्न मोडलं. गोळ्यांनी माझा गाल भरला, वण राहिला. काका उशिरा सापडला होता, तो गेला. खोप पाडली. आता माझ्या दवाखान्यात मी मुलांच्या गालांवर तीच काच दाबते, तोच प्रश्न विचारते. मोठी माणसं नाही म्हणतात तेव्हा मुलाकडे बघते.

घर आता रिकामं आहे. सुट्टीत तिथे राहिले की तिन्हीसांजेला कुडापलीकडे कोणीतरी खोकतं. तिथे आता नुसतं गवत आहे. हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणून लिहिते. तुम्ही असतात तर उठून बघायला गेला असतात. मी पाव ठेवते.