पंजा पालथा ठेवायचा

अभय,

माती उकरायचा तो तीन दात्यांचा पंजा काल तू जास्वंदीखाली दाते वर करून टाकलास आणि फोनवर बोलत आत गेलास. सकाळी माझ्या पायात घुसला. मी दोनदा हाक मारली, पण तुझ्या कानात ती पांढरी बोंडं. धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यायला एकटीच रिक्षाने जाते आहे.

जास्वंदीचं काम अर्धं राहिलंय. आधी पाणी घाल, माती मऊ झाली की खोडापासून वीतभर लांब उकर, तेही दोन पेरंच. मुळं तुटली तर झाड वाळेल आणि नाव माझं घेशील. झाल्यावर पंजा धुऊन पालथा ठेव.

आल्यावर तोंडावर सांगणारच आहे, आत्ता वाचून ठेव: दोनच माणसांचं घर आपलं, त्यात माझी हाक वाया गेली. शोभत नाही तुला, अभय.

आई