स्क्रीनभर लाल अक्षरं

भिगवण, रविवार संध्याकाळ

धरणात गेलेलं जुनं पळसदेव मी गेममध्ये ठोकळ्यांनी बांधलं, आबा आजोबा सांगतील तसं. आज ते बघायला बसले. त्यांच्या घरासमोर आलो आणि मला गंमत सुचली. कमांड टाकली, स्क्रीनभर लाल अक्षरं आली: ‘पाणी आलं! गाव सोडा!’

वाटलं, हसतील. आबांनी वाचलं, स्क्रीनवरच्या घरावर बोट ठेवलं. मग म्हणाले, “थांब पोरी, आधी दार लावून घिऊ.”

ज्यांनी लहानपणी खरंच गाव सोडलं, त्यांनाच दाखवलं मी हे! कशाला? लाल अक्षरं लगेच गेलीसुद्धा. आबांचं बोट मात्र घरावरच. “लाव की दार.”

घराला मी दार केलंच नव्हतं.