पंधरा यार्डांवर उभी राहा

प्रिय नोरीन,

तुझं पत्र सोमवारी मिळालं. तीनदा वाचलं, चुरगाळलं, आणि मग मांडीवर घासून सपाट करून पुन्हा पाकिटात घातलं. म्हणजे मी किती भडकलो असेन ते तुला कळलंच. तू लिहितेस, थँक्सगिव्हिंगच्या जेवणाला ये, बाबांनी आमच्या धान्याच्या कोठारावर तुझ्यासाठी नोकरी धरून ठेवली आहे, तिला आणि लग्नाला हो म्हणायचं तर त्याच टेबलावर म्हण. नाहीतर औषधाच्या दुकानातल्या रॉजरला मी आणखी थांबवणार नाही. रॉजर. गोळ्या मोजताना ज्याला घाम फुटतो, तो.

तुझे बाबा माझ्या कामाला ‘जगाला ढुंगण दाखवायचा धंदा’ म्हणतात, तेही चर्चच्या पायऱ्यांवर, पाद्रीबुवांना ऐकू जाईल अशा बेताने. म्हणू देत. आमच्या अमेरिकन फुटबॉलमध्ये लाथ मारून चेंडू लांब पाठवायची वेळ येते, तेव्हा कोणीतरी वाकून, दोन पायांमधून, मागे पंधरा यार्डांवर उभ्या असलेल्याच्या हातात तो पाऊण सेकंदात पोचवावा लागतो. डोकं खालीच असतं, तोवर समोरचे दोन रेडे अंगावर आलेले असतात. चुकलो तर सगळ्या देशाला माझं नाव कळतं. तीन वर्षांत ते कोणालाच कळलेलं नाही, नोरीन. बाबांना बटाटे वाढताना एवढं सांग.

व्यावसायिक संघात खेळायला कॉलेज सोडलं तेव्हाही सगळे हसले होते. तिसऱ्या वर्षात पदवी टाकून असल्या जागेसाठी कोणी जातं का? आमचे कोच म्हणाले, “ड्वेन, फेकणारे जातात, पळणारे जातात. वाकणारा गेलेला मी ऐकला नाही.” मी म्हटलं, मग आता ऐका, आणि दार आपटून निघालो. दार आपटल्यावर परत कसं जायचं? माझी मान एकाच कामासाठी वाकते.

पहिल्या संघाचं, टँपाचं, मी तुला खोटं सांगितलं होतं. खांदा वगैरे काही दुखावला नव्हता. सराव शिबिरात एका सकाळी संघाच्या ऑफिसातला माणूस दाराशी आला आणि म्हणाला, “कोचनी बोलावलंय. वही घेऊन ये.” वही म्हणजे आमच्या डावांच्या आकृत्यांचं जाडजूड बाड. मला वाटलं, समासात मी लिहिलेल्या टिपा कोणाच्या तरी नजरेत भरल्या. केस ओले करून विंचरले, चांगल्या पानांत कागदाच्या खुणा घातल्या आणि दोन-दोन पायऱ्या चढत गेलो. खोलीतल्या कोणीही मला अडवलं नाही, कोणी हसलंही नाही. त्या निरोपाचा अर्थ एकच असतो: तुला काढलं, संघाची वही परत कर. कोचनी माझ्या खुणा पाहिल्या आणि माझ्याकडे न बघता एकेक करून उपटून काढल्या.

पुढे सिनसिनाटी, सिअ‍ॅटल, पुन्हा टँपा, ह्यूस्टन, आता बफेलो. कुठे कोणाचं बोट मोडलं की मला फोन येतो, ते बोट बरं झालं की माझी वही परत जाते. बाकीच्यांच्या कपाटावर नावाची पितळी पाटी असते, माझं नाव पांढऱ्या चिकटपट्टीवर. निघताना मी पट्टी सोलतो आणि बॅगेच्या झाकणाला आतून चिकटवतो. बाबांना त्या सहा वेळा हाकललेल्याच्या खुणा वाटतील. मला सहा वेळा बोलावलं, हे त्यांना कधीच दिसणार नाही.

तुला आठवतं, त्या हिवाळ्यात माझे चेंडू झेलायला गावात कोणी तयार नव्हतं? कोठारामागे तू उभी राहिलीस, भावाचे हातमोजे घालून. वाकून पायांमधून मी तुला आधी उलटंच पाहिलं. आकाशात रोवलेले बूट, खाली लोंबणारी लाल टोपी, आणि मधे ते तोंड: “अजून जोरात टाक, घाबरतोस काय?” मी टाकला. तुझी करंगळी मोडली आणि तू बाबांना सांगितलंस, गाडीच्या दारात सापडली. ती वाकडीच जुळली. रॉजरला ती का वाकडी आहे ते माहीत आहे का?

आज सकाळी इथल्या ऑफिसातला तसाच माणूस माझ्या कपाटाशी आला. त्याने तोंड उघडायच्या आत मी वही त्याच्या हातात ठेवली. या वेळी एकही खूण घातली नव्हती. सामान सांभाळणारा म्हातारा एमस दाराशी थांबला होता, त्याने एक जुना चेंडू माझ्या बॅगेत कोंबला आणि म्हणाला, “हा हरवला असं लिहितो. तू हरवू नकोस.” तेव्हा थँक्सगिव्हिंगच्या गुरुवारी मी जेवायला येतोय. हे पत्र आधी पोचावं म्हणून बसचं तिकीट पुढच्या सोमवारचं काढलंय. पण त्या टेबलावर मी हो म्हणणार नाही, आणि कोठारावर फावडंही धरणार नाही. सातवा फोन येईपर्यंत रोज शंभर चेंडू टाकायचे आहेत. जेवणाआधी मी कोठारामागे, तेव्हा जिथून चेंडू टाकायचो त्या कुंपणाच्या खांबाशी जाऊन वाकेन आणि पायांमधून बघेन. बूट आकाशात दिसले, तर तुझं उत्तर मला कळेल. नाही दिसले, तरी चेंडू सोडणारच. पलीकडे कोठाराची भिंत आहे. आणि रॉजर उभा राहणार असेल, तर त्याला म्हणावं, गोळ्या नंतर मोज, आधी बोटं मोजून ठेव.

तुझाच, उलटा दिसलो तरी तुझाच,
ड्वेन