माझ्या नावावरचं कर्ज

५ जून

ती. अण्णांस,

सा. न. वि. वि. चिऊ मजेत आहे. पुढचे दोन दात पडलेत आणि ती शेजारीपाजारी खिंडार दाखवत फिरते.

आता मुद्द्याचं. स्वतःची कृत्रिम दात बनवायची लॅब काढायचं मी ठरवलंय, हे तुम्हाला माहीत आहे. त्यासाठी दात भाजायची भट्टी हप्त्यांवर घ्यायला गेले, तर नकार मिळाला. म्हणे, माझ्या नावावर मोठं कर्ज थकलंय. मी तर कधी दमडीही उचललेली नाही! दुसऱ्या दिवशी वसुलीवाले मी नोकरी करते त्या लॅबमध्ये आले आणि तिथल्या मालकीणबाईंसमोर वाट्टेल ते बोलून गेले.

कर्जाला ओळखपत्र माझं लावलंय. पण ओटीपी ज्या फोनवर गेला, तो नंबर तुमच्या चिरंजीवांचा आहे. ते घर सोडून गेले, त्याच्या आदल्याच आठवड्यातली ही गोष्ट. तुम्हाला हे दुसऱ्या कुणाकडून कळू नये, म्हणून मीच लिहिते. हे वाचूनही माझ्यावरचा लोभ कमी होऊ देऊ नका.

तुमची,
सून

११ जून

चि. सूनबाईस,

अनेक आशीर्वाद. पत्र वाचलं आणि दोन दिवस दुकान उघडावंसं वाटलं नाही. त्याला फोन केला. फेडणारच होतो, एवढं म्हणून त्यानं ठेवून दिला.

माझं ऐक. हे शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान विकून मी सगळं फेडतो. घरातलं घरात राहील. पोलिसांत मात्र जाऊ नकोस. म्हाताऱ्याचं एवढं ऐकशील ना? चिऊच्या खिंडाराला माझा पापा.

अण्णा

१६ जून

ती. अण्णांस,

सा. न. तुमच्यावर रागावता येत नाही, म्हणून जास्तच त्रास होतो. पण दुकान विकायचं नाही.

ग्राहक मार्गदर्शन केंद्रातल्या वकीलबाईंनी नीट समजावलं. तुम्ही फेडलंत, तर कर्ज माझंच होतं असं मी कबूल केल्यासारखं होईल. उलट कायदा माझ्या बाजूनं आहे. कर्ज मी घेतलं हे ते देणाऱ्या कंपनीनं सिद्ध करायचं. लेखी हरकत घेतली की चौकशी संपेपर्यंत वसुलीवाल्यांनी माझ्या वाटेला जायचं नाही. फक्त पोलिसांत केलेली तक्रार जोडावी लागते, आणि तिच्यात माहीत असलेलं लपवता येत नाही.

ती मी काल दिली. तिच्यात त्यांचं नाव लिहिलं. कंपनी आता म्हणते, नवराबायकोनं मिळूनच केलं असेल. साक्षीला या, असं मी म्हणणार नाही. माझ्यावर रागावलात तरी चिऊची चौकशी करत राहा.

तुमची,
सून

२ जुलै

चि. सूनबाईस,

आशीर्वाद. तुला न सांगता काल तुमच्या चौकीत येऊन गेलो. घरी आलो नाही; चिऊला पाहून धीर सुटला असता.

आधी त्याला पुन्हा फोन करून खोदून विचारलं होतं. कर्ज मीच काढलं, तिला पत्ताही नव्हता, असं त्यानं कबूल केलं. चौकीत साहेबांनी विचारलं, तक्रारदार तुमच्या कोण. म्हटलं, सून. मग विचारलं, कुणाची बायको. तेव्हा त्याचं नाव घ्यावं लागलं. ते एकदा तोंडातून बाहेर पडलं आणि पुढचं सगळं सांगता आलं. जबाबावर सही करून आलो.

यापुढे तोंड पाहणार नाही, असं त्यानं मला कळवलंय. पण चौकीत पुन्हा बोलावलं, तरी जाईन आणि हेच सांगेन.

अण्णा

२८ ऑगस्ट

ती. अण्णांस,

सा. न. माझ्या नावावरचं कर्ज रद्द झालं! कंपनीनं लेखी कळवलंय, वसुलीवाले मालकीणबाईंसमोर जे बोलले त्याची माफीही मागितली आहे. वकीलबाई म्हणाल्या, तुमचा जबाब नसता तर हे बरंच रखडलं असतं. भट्टीही मंजूर झाली.

तरी नाचावंसं वाटत नाही, अण्णा. चिऊच्या बाबांवर खटला उभा राहील. चिऊ रोज विचारते, बाबा कुठे आहेत. तिला खोटं सांगायचं नाही, एवढं मी ठरवलंय. खरं कसं सांगायचं, ते मात्र एकटीला जमत नाही. रविवारी या. आपण दोघं तिच्याजवळ बसू.

मुक्कामाच्या तयारीनंच या.

तुमची,
सून