आईच्या देखत

वाशिम
बुधवार, १२ नोव्हेंबर २०२५

प्रसेनजित यांस,
सविनय जयभीम.

मी बरी आहे. गुडघे कुरकुरतात, पण शाळेतून निवृत्त झाल्यापासून त्यांना कुठे जायची घाई नसते. तुमची खुशाली उत्कर्षकडून कळते. वेल्डिंगच्या उजेडाने तुमचे डोळे रात्रभर चुरचुरतात असं तो म्हणाला. काळा चष्मा लावत जा. तेव्हाही सांगत होते.

खूप वर्षांपूर्वीची एक साधी गोष्ट सकाळपासून आठवते आहे. मौजवनाच्या फाटकाशी माझ्या चपलेचा अंगठा तुटला होता. तुम्ही उकिडवे बसलात, खिशातून तांब्याची तार काढलीत, अंगठा बांधून दिलात आणि म्हणालात, 'चाल आता.' ती चप्पल मी पुढे दोन वर्षं घातली. तुम्ही म्हणाल, सतरा वर्षांनी पत्र लिहायला बसली आणि हिला चप्पल आठवली. खरं आहे. मुद्द्यावर यायला मला आधीपासूनच वेळ लागतो.

उत्कर्ष चार वर्षांचा असताना मी अनसिंगचं घर सोडून इथे आले. कोण किती चुकलं ते मी आता उगाळत नाही. तुमचा राग होता, माझा ताठा होता आणि घर लहान होतं. विहारात बैठक बसली. पोराला कधी भेटणार असं विचारल्यावर तुम्ही रागाच्या भरात म्हणालात, वर्षातला एक दिवस पुरे. तुमच्या शेषरावकाकांनी कागद लिहिला: मूल आईजवळ राहील, आणि बाप त्याला दरवर्षी दिवाळीच्या सुट्टीतल्या पहिल्या रविवारी, आईच्या देखत, भेटेल. जागा तुम्ही निवडलीत. अकोल्याच्या पुढे, मूर्तिजापूर रस्त्यावर नव्यानेच उघडलेली पाळण्यांची बाग, मौजवन. माझे वडील जऊळक्याच्या स्टेशनावर गँगमन, जन्मभर रुळांवर चाललेला माणूस. ते म्हणाले, पोराले भेटाले कोणी पाळण्यात जाते का?

पण काय दिवस होते ते! मी शाळेत हजेरी घेताना नोव्हेंबरपासून पुढच्या दिवाळीपर्यंतचे महिने मोजायची, हे तुम्हाला कुठून माहीत असणार.

तुम्ही आधीच मोटारसायकलने येऊन फाटकाच्या आत उभे असायचे. त्यामुळे उत्कर्षचा समज झाला होता की तुम्ही मौजवनातच राहता. पहिलीत त्याने 'माझे बाबा' या विषयावर लिहिलं होतं, 'माझे बाबा मौजवनात राहतात. ते सगळे पाळणे फिरवतात. रात्री ते झुकझुक गाडीत झोपतात.' त्याच्या बाईंनी मला वही दाखवली. मी चूक दुरुस्त केली नाही. कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली, शब्दाचा काना चुकला तरी लाल शाईने गोल करणारी मी, ते तसंच राहू दिलं.

त्याचा तसा समज व्हायला कारणही तुम्हीच होता. आकाशपाळण्यात पोराला बसवण्याआधी तुम्ही पाळण्याभोवती फिरायचे, वाकून जोड बघायचे, नटावर बोटाने टकटक करायचे. पाळणा चालवणारा लखीराम पहिल्या वर्षी भांडला. दुसऱ्या वर्षी तुम्हाला पाहताच रांगेला म्हणाला, 'थांबा रे, इंजिनेर साहेब तपासून राह्यले.' तिसऱ्या वर्षी त्याने स्वतःच पाना आणून तुमच्या हातात दिला. तुम्हीही असे की खरोखर एक नट आवळलात. मी खाली बाकावर पिशव्या सांभाळत हसत होते, आणि तुम्ही पाहाल म्हणून पदर तोंडावर धरला होता.

आरसेमहाल आठवतो? तुम्ही एका आरशात माठासारखे दिसायचे आणि मी विजेच्या खांबासारखी. पण उत्कर्षला आवडायचे ते शेवटचे दोन, समोरासमोर लावलेले. त्यांच्या मधे उभं राहिलं की आपण तिघं, मागे आपण तिघं, त्यांच्या मागे आणखी तिघं. एकदा तो मोजत सुटला आणि दमून म्हणाला, 'आई, आपण किती जण आहोत!' तुम्ही पटकन तिथून बाहेर पडलात. मी समजले, कारण मलाही बाहेर पडावंसं वाटलं होतं.

आणि संध्याकाळी सहाला कारंजी. गाण्याबरोबर पाणी उंच जायचं, हिरवं, लाल, मग जांभळं. उत्कर्ष तुमच्या खांद्यावर, आणि वाऱ्याने तुषार आपल्या तिघांवर सारखेच. त्या वेळी आपण कोण, कुठून आलो, कुणी कुणाला काय बोललं, काही काही उरायचं नाही. मला आजही जादू म्हटलं की तेच आठवतं. मग साडेसहाची बस. तुम्ही फाटकाच्या आतच थांबायचे. पोराचा समज मोडू नये म्हणून तुम्ही आमच्यामागे कधी बाहेर आला नाहीत. यासाठी मी तुम्हाला कधी काही म्हटलं नाही. आज म्हणते. त्याच्यासाठी तुम्ही फार चांगलं केलंत.

आता मुद्दा.

गेल्या रविवारी उत्कर्ष लग्नाची पत्रिका घेऊन तुमच्याकडे आला होता. परत आला तो गप्प. रात्री जेवताना होणाऱ्या सुनेचा, सपनाचा फोन आला तरी उठला नाही. खोदून विचारलं तेव्हा तुमचं बोलणं त्याने जसंच्या तसं सांगितलं: 'येतो. मांगच्या खुर्चीवर बसतो. बापाची खुर्ची कायले ठेवता माह्यासाठी? कागदावर तर लिवलं हाये नं, तुह्या आईच्या देखत. असा राखणीतला बाप स्टेजवर शोभत नाही.' त्याला वाटतं तुम्ही त्याच्यावर नाराज आहात. तसं नाही, हे मला ठाऊक आहे. ते दोन शब्द तुम्हाला सत्तावीस वर्षं टोचत आले आहेत. स्वतःच्या पोराला भेटायला राखणदार लावला, जणू तुम्ही त्याला पळवून नेणार होतात. आणि तो शेषरावकाकांनी लावला असं तुम्ही धरून बसलात. सख्ख्या काकाशी बोलणं टाकलंत. मागच्या मार्चमध्ये ते गेले, तेव्हा त्यांचं सगळं रिठद गाव मयतीला होतं, तुम्ही नव्हता.

आमच्या कॉन्व्हेंटमध्ये शनिवारी ख्रिस्ती मुली पाप सांगायला रांगेत उभ्या राहायच्या. मी बाहेर बाकावर बसून त्यांना पाहायची. आत जाताना जड पावलांनी जायच्या आणि बाहेर येताना वेण्या उडवत यायच्या. मला त्यांचा फार हेवा वाटायचा. आज माझी पाळी.

'आईच्या देखत' हे शब्द काकांचे नाहीत. माझे आहेत.

कागद लिहून होत आला होता. तुम्ही बाहेर लिंबाखाली बिडी ओढत होता. मी काकांजवळ जाऊन हळूच म्हटलं, एवढं घाला. काका चिडले. 'पोराच्या बापाले चोर ठरवून राह्यली का तू? तो काय पोरगं घेऊन पयून जाते?' मी तिथून हलले नाही. त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग चष्मा नाकावर चढवला आणि म्हणाले, 'लिवतो. पण हे कलम काई पोरासाठी नाही.'

त्यांना कळलं होतं. वर्षातला एक दिवस तुम्ही पोराला भेटणार आणि मी घरी बसून वाट पाहणार, हे मला सोसणार नव्हतं. घर सोडून आले होते, मागे फिरायची लाज वाटत होती. मग मला असा कागद हवा होता, ज्याने मला जावंच लागेल.

तुमचा गैरसमज मला पहिल्याच वर्षी कळला. एका वाक्यात दूर झाला असता. ते वाक्य मी बोलले नाही. काकांना वाशिमच्या बाजारात गाठून माफी मागितली, तर ते म्हणाले, 'राहू दे. त्याचा राग माह्यावरच बरा, तुह्यावर नको.' माझ्या ताठ्याची शिक्षा त्या माणसाने भोगली आणि मी भोगू दिली. याला दुसरा शब्द नाही.

शेवटचं वर्ष तुम्ही विसरला नसाल. उत्कर्ष चौदा वर्षांचा, त्याची क्रिकेटची मॅच होती, येत नाही म्हणाला. मी एकटीच आले. तुम्ही तीन तिकिटं घेऊन उभे. इतक्या वर्षांत मी आकाशपाळण्यात पहिल्यांदा बसले. नट तुम्ही तपासलेत. वर गेल्यावर पाळणा थांबला, खाली सगळं शिवार दिसत होतं, आणि तुम्ही विचारलंत, 'पोरगं तं आलं नाही. मंग आज कोणाच्या राखणीले आली?'

मी म्हटलं, तो येत नाही हा निरोप द्यायला आले. निरोप फोनवरही देता आला असता. तुम्ही थोडा वेळ वाट पाहिलीत. मग म्हणालात, 'मंग दिला निरोप. आता कागद संपला.' आणि पाळणा खाली आला.

त्या प्रश्नाचं उत्तर आता दिलं आहे. त्यावर तुम्ही काही म्हणावं असं नाही. साठीला आलेल्या बाईला वाट पाहायची सवय असते, आणि मला तर तुमच्यावर भरवसाही आहे. तुम्ही पोरासमोर कधी खोटे पडला नाहीत. त्याचा समज मोडू नये म्हणून दहा वर्षं फाटकाच्या आत उभा राहिलेला माणूस त्याच्या लग्नात मागच्या खुर्चीवर बसणार नाही.

गफ्फारभाईंच्या ऑटोत पत्रासोबत पिशवी पाठवते आहे. त्यांना चहा दिल्याशिवाय परत पाठवू नका. मोरपंखी साडी तुमच्या मंजूताईची. काठ बारीक आहे म्हणून ती बोलेल, बोलू द्या. मिठाईचा मोठा डबा वर्कशॉपमधल्या सगळ्यांचा, लहान डबा शेजारच्या मेहरबींचा. त्यांनी माझ्या बाळंतपणात केलेलं मी विसरले नाही. पांढरं पातळ शेषरावकाकांच्या भागिरथाकाकूंचं. ते आणि त्यांची पत्रिका तुम्ही स्वतः रिठदला नेऊन द्या, कोणाच्या हाती पाठवू नका. काकूंना सगळं ठाऊक आहे. काकांच्या फोटोसमोर थोडा वेळ बसा. काय बोलायचं ते तुमचं तुम्हाला सुचेल.

पिशवीच्या तळाशी पांढरा सदरा आहे, तो तुमचा. माप माझ्या डोळ्यांत होतं तेच शिंप्याला सांगितलं. सैल झाला तर तुमच्याकडच्या हसनैन शिंप्याकडून आवळून घ्या. घट्ट झाला तर मला नावं ठेवू नका.

लग्न तीस तारखेला, रविवारी, सकाळी साडेदहाला. उत्कर्षच्या उजवीकडची खुर्ची तुमची आणि तिच्या शेजारची माझी. मधे कोणी बसणार नाही, हे मी मंडपवाल्यालाही सांगितलं आहे.

इतकी वर्षं तुम्हाला पाठवलेल्या चिठ्ठ्यांखाली मी फक्त 'उत्कर्षची आई' असं लिहीत आले. या पत्राखाली ते लिहीत नाही.

तुमची,
पौर्णिमा