दाजींच्या ऑर्डरीत झालेल्या घटीबाबत खुलासा

तीर्थरूप दाजींना,

साष्टांग नमस्कार. (एरवी नुसता नमस्कार चालला असता, पण तुमचा धंदा सत्तुराचा आणि सध्या तुमचा पारा चढलेला, तेव्हा माणसानं आडवं पडलेलंच बरं.) रक्तदाब कसा आहे? गुडघा काय म्हणतो? दुकान जोरात चालत असेलच, असंही लिहिणार होतो, पण तेवढं एक विचारायची सोय उरलेली नाही. मी फोन करतो, तुम्ही उचलता, माझा आवाज ऐकता आणि ठेवून देता. म्हणजे हात आणि कान शाबूत आहेत असं धरून चालतो. पत्राचं बरं असतं, रागानं भिरकावलं तरी पुन्हा उचलून पुढचं वाचता येतं.

आमच्या बाटल्यांच्या कारखान्याच्या कॅन्टीनमधली मटणाची ऑर्डर निम्म्यावर आली आणि त्यामागं तुमचा सख्खा मेहुणा, म्हणजे कॅन्टीनचा मॅनेजर, म्हणजे मी आहे, असं तुमचं म्हणणं. ते बरोबर आहे. फक्त मी हे सगळं ठरवून केलं, असं जे तुम्ही गावभर सांगत सुटला आहात, ते ऐकून मला गहिवरून येतं. माझ्या हातून ठरवल्याप्रमाणे काही घडतं, असं आजवर आपल्या घरात कुणीही म्हटलं नव्हतं.

सुरुवात आमच्या धाकट्या साहेबांनी केली. ते कसल्याशा परिषदेला जाऊन आले. विषय होता, माणसानं मांस कमी खावं. (जेवणात मांसाचे निरनिराळे प्रकार होते आणि सगळेच फर्मास होते, असं त्यांचा ड्रायव्हर सांगतो.) आल्या आल्या त्यांनी जाहीर केलं की कामगारांची हृदयं आणि ही पृथ्वी, दोन्ही वाचवायची आहेत, म्हणून दर बुधवारी कॅन्टीनमध्ये मटण बंद, आणि मुहूर्त येत्या बुधवारचा. स्वतःचं हृदय त्यांनी मोठ्या मनानं या योजनेतून वगळलं; त्यांचा डबा घरून येतो आणि त्यातल्या कोंबडीचा वास जिन्याच्या खालच्या पायरीपर्यंत पोचतो. मला 'हरित आहार समन्वयक' असं पद मिळालं. पगार होता तोच राहिला. बिल्ला मात्र नवा मिळाला, पानाच्या आकाराचा, आणि त्याच्या पिनेनं माझे सगळे बरे शर्ट फाटले.

पहिल्या बुधवारी आम्ही उकडलेला भोपळा, उकडलेल्या शेंगा आणि भाषण असा बेत केला. भाषण तेवढं उकडलेलं नव्हतं, शिळं होतं. भिंतीवर साहेबांनी पाठवलेली तक्तेवजा चित्रं लावली, चरबीनं तुंबलेल्या रक्तवाहिन्यांची, अगदी रंगीत. जेवताना समोर तुंबलेली रक्तवाहिनी आणि ताटात भोपळा, असा योग आला की माणसाला संन्यास घ्यावासा वाटतो. भट्टीवरचा मुकादम, ज्याला सगळे पैलवान म्हणतात, तो ताट घेऊन माझ्याकडे आला आणि फार अदबीनं विचारू लागला की आजारी कोण आहे. मग सगळी भट्टी त्याच्यामागून गेटबाहेरच्या गाडीवर गेली. गाडीवाला मटण तुमच्याकडूनच उचलतो. त्या दिवशी तुमचा माल दुपारीच संपला आणि तुम्ही फोन करून मला आशीर्वाद दिलात की असंच पृथ्वीचं रक्षण करत राहा. आठवत असेल.

मग साहेबांनी आहारसल्लागार आणला. त्याचं म्हणणं असं की लोकांना मांस नको असतं, मांसाचा भास हवा असतो. त्यानं सोयाच्या पिठाच्या तंगड्या करून घेतल्या आणि हाडाच्या जागी लाकडी काडी खुपसली. चव ओल्या पुठ्ठ्यासारखी होती. (पॅकिंग खात्यातल्या बाईंनी ती लगेच ओळखली, त्यांचा जन्म पुठ्ठ्यात गेला आहे.) पैलवानानं तंगडीवर जो विश्वास टाकला तो थेट काडीपर्यंत, आणि त्याच्या पुढच्या दाताची टोपी निघून आली. कॅन्टीनच्या मागं एक मांजर असते. उरलेल्या तंगड्या तिच्यापुढं ठेवल्या तर तिनं वास घेतला आणि त्यांच्यावर पंजानं माती लोटली. मांजरी माती कशावर लोटतात, ते तुम्हाला मी सांगायला नको. सल्लागारानं अहवालात 'प्रतिसाद मिळाला' असं लिहिलं.

इथवर तुमचं काही बिघडलं नव्हतं, उलट भरभराटच होती. पुढं जे झालं ते तुमच्या गुडघ्यामुळं झालं. तो सुजला म्हणून गुरुवारचं मटण बुधवारीच पोचवायला तुम्हीच ताईला पाठवलंत, मी बोलावलं नव्हतं. ती आली, तिनं माझ्या पातेल्यातला भोपळा चमच्यानं ढवळला, चाखला आणि माझ्याकडे अशी पाहत राहिली जशी लहानपणी माझं प्रगतिपुस्तक पाहायची. मग म्हणाली, "मटणाला तुम्ही लोक अख्खी दुपार देता आणि भाजीला पाच मिनिटं. वर पुन्हा भाजीला चव नाही म्हणता."

पुढच्या बुधवारी ती पदर खोचून आली. तिनं वांगी काळी पडेपर्यंत विस्तवावर भाजली, अळंबी त्यांचं सगळं पाणी आटून तांबूस होईपर्यंत परतली, मसूर मंद आचेवर ठेवून दिला आणि आलं, लसूण, मिरी यांच्या बाबतीत हात आखडला नाही. तक्ते तिनं उतरवले आणि पालथे करून ओट्यावर अंथरले, तेल उडतं म्हणून. भाषण झालं नाही. पैलवान पुन्हा पुन्हा वाढून घेत होता. शेवटी त्यानं खासगीत विचारलं की हा तुकडा कुठला, गुर्दा का. वांगं म्हटल्यावर त्यानं ताटातला उरलेला तुकडा उलटसुलट करून पाहिला, मनाशी काहीतरी हिशेब चुकल्यासारखा, आणि मग गुरुवारीही मिळेल का असं विचारून गेला. गुरुवारी तसंच केलं, तर मटणाचं पातेलं अर्धं शिल्लक. मटणाला कुणी नाही म्हटलं नव्हतं, दाजी. पोटात जागाच नव्हती.

साहेबांना हे कळताच पृथ्वी त्यांनी वाचवली. कारखान्याच्या मासिकात फोटो आला आहे, साहेब आणि त्यांच्या हातात वांगं, नवजात बाळाला धरावं तसं. ताईचा उल्लेख 'स्थानिक सहकार्य' असा आहे.

आणि मग गुडघा बरा होऊन तुम्ही स्वतः मटण घेऊन आलात, तेव्हा मोठ्या पातेल्यामागं तुम्हाला तुमची बायको दिसली. तुम्ही मटणाचा डबा उचलून तसेच परत गेलात. घरी काय झालं ते मला ताईकडून कळलं. तुम्ही म्हणालात, बायकोनंच गिऱ्हाईक फोडावं यासारखी नाचक्की नाही. ती म्हणाली, "इतकी वर्षं या घरात भाजी मटणाखाली दडपली गेली. एक दिवस वर आली तर काय बिघडलं?" यावर तुम्ही जेवत्या ताटावरून उठलात आणि ती बॅग भरून माझ्याकडे आली. दोघांनीही आपापल्या परीनं बाजी मारलीत. हरलो तो मी.

थोरांना नमस्कार, धाकट्यांना जे योग्य वाटेल ते. राग कायम असल्यास तोही लेखी कळवावा.

आपला आज्ञाधारक (हे तुम्ही मानणार नाही) मेहुणा

ता.क. ताई मजेत आहे. आमच्या हिच्याशी तिची गट्टी जमली आहे. आता आमच्या घरी रोजच बुधवार असतो. परवा मी दबक्या आवाजात खिम्याचा विषय काढला, तर दोघींनी मिळून माझ्या बिल्ल्याकडे बोट दाखवलं.

ता.ता.क. तेव्हा खरं काम असं: माझी चूक, तुमची चूक, ज्याची म्हणाल त्याची चूक, पण येऊन ताईला घेऊन जा. येताना किलोभर मटण आणा, खांद्याचं, थोडी चरबी असलेलं. पिशवीत वर कोथिंबीर ठेवा. थेट घरात शिरू नका, पिशवी घ्यायला मी कोपऱ्यावर उभा राहीन.

ता.ता.ता.क. (हे मी लिहिते आहे, तुमची बायको.) हे पत्र पेटीत टाकायला यानं माझ्याच हातात दिलं, यावरून याच्या अकलेचा अंदाज घ्या. मटण आणू नका. बुधवारी सकाळी कॅन्टीनच्या मागच्या दारानं या. एवढ्या माणसांचा कांदा भाजताना माझा खांदा भरून येतो, आणि तो न जळता काळसर करणं मला अजून तुमच्यासारखं जमत नाही. हे मी पुन्हा कबूल करणार नाही. तुमच्या मापाचा एप्रन शिवून ठेवला आहे. पोटाचा अंदाज चुकला असेल तर सैल करता येईल, शिवणीत कापड सोडलं आहे.